नाव तक्रारदाराचं, गोपनीयता साहेबांची

फरीदाबादला राहते म्हटलं की आपल्याकडच्या माणसांना पहिल्यांदा आठवतो तो धूर आणि त्यानंतर दांडगाई. धुराबद्दल वाद नाही, थंडी सुरू झाली की खिडक्या लावून बसावं लागतं. पण अमरावतीला गेले की “तिकडे सरकारी माणसाविरुद्ध तोंड कोण उघडणार?” असं हमखास विचारतात, ते मात्र आता ऐकवत नाही. इथे लोक तोंड उघडतात, तेही माईकवर.

हरियाणात जिल्ह्या-जिल्ह्यात कष्ट निवारण समिती असते. राज्याचा एखादा मंत्री तिचा अध्यक्ष. फरीदाबादची बैठक सेक्टर १२ मध्ये भरते. लघु सचिवालय, कचेऱ्या, कोर्ट, सगळं त्याच भागात. अनुक्रमाने नाव पुकारतात, तक्रारदार उठून उभा राहतो आणि समोरच्या रांगेतून संबंधित अधिकारी उठतो. मी पाहिलेल्या बैठकीत पाणी न येणाऱ्या वस्तीतली एक बाई अभियंत्याकडे सरळ बोट दाखवून सांगत होती की हा फोन उचलत नाही. अभियंता तिच्यापासून दोन हातांवर होता. मंत्र्याने त्याला तारीख विचारली, तो आवंढा गिळत राहिला. अशा बैठकीत जागच्या जागी निलंबनाचे आदेशही निघतात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गावासकट नावं छापून येतात.

आपला लोकशाही दिन आठवा. महिन्याचा पहिला सोमवार, विहित नमुना, पंधरा दिवस आधी अर्ज, आणि मग टोकन घेऊन बाकावर बसायचं. साहेब सौजन्याने बोलतात, अर्ज संबंधित विभागाकडे जातो, तक्रारदाराला पोच मिळते. त्या पोचेचं पुढे काय करायचं हे कुणी सांगत नाही. मला दोन्हीकडची माणसं प्रिय आहेत, म्हणूनच आपल्याकडच्या या सौजन्याचा राग येतो. फरीदाबादच्या त्या बाईला पाणी मिळालं की नाही, मला माहीत नाही. पण तिने विचारलेला प्रश्न शे-दोनशे माणसांनी ऐकला होता. तो फायलीत पुरणं आता कुणाला सोपं नव्हतं.

एवढं कौतुक केल्यावर आता जी गोष्ट मला छळते आहे तिच्याकडे येते. रस्ता, पाणी, वीज यांची तक्रार अशी उघड्यावर होते ते ठीक. पण सरकारी नोकराने आपल्याच कार्यालयाविरुद्ध तक्रार करायची ठरवली तर? लोकशाही दिनात सेवाविषयक आणि आस्थापनेचे अर्ज घेतच नाहीत. केंद्राच्या तक्रार पोर्टलवरही नोकराची सेवाविषयक तक्रार विहित मार्ग संपल्याशिवाय चालत नाही. विहित मार्ग म्हणजे वरिष्ठामार्फत, आणि तक्रार बहुतेक वेळा त्याच वरिष्ठाविरुद्ध असते.

आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी शेजारीण एका सरकारी कार्यालयात कारकून आहे. कोणत्या, ते लिहीत नाही. तिचं घराणं मूळचं सरहद्द प्रांतातल्या बन्नूचं. फाळणीनंतर तिथून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९च्या सुमारास इथे नवी औद्योगिक वसाहत उभी राहिली. तिला आजही सगळे एनआयटी म्हणतात आणि तिच्या भागांना नुसतं ‘एक नंबर’, ‘पाच नंबर’. सरकार या निर्वासितांना वेगवेगळ्या ठिकाणी विखरून टाकू पाहत होतं, तेव्हा हे लोक हटून बसले आणि सहकारी संस्था काढून आपली घरं आपण बांधली. शेजारणीचे आजोबा त्यांतले. ती मला दीदी म्हणते आणि जिन्यातून तिचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत येतो. ती गप्प बसणारी नाही, हे सांगायला एवढं पुरे.

तिची शस्त्रक्रिया झाली. रजा मंजूर होती, तरी त्या दिवसांचा पगार कापला. विचारायला गेली तर साहेबांनी चारचौघांत अद्वातद्वा सुनावलं. तिने लेखी तक्रार केली आणि पुरावा म्हणून दवाखान्याचे कागद जोडले. डिस्चार्ज कार्ड, तपासणीचे अहवाल, सगळं. कागद वरच्या कार्यालयात गेले, तिथे त्यांच्यावर ‘आवश्यक कार्यवाही हेतु’ असा शेरा पडला आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्याच टेबलावर जोडपत्रांसह परत आले. मधल्या प्रत्येक टेबलावर ते वाचले गेले. तिला हे कसं कळलं? पाण्याचा ग्लास ठेवता ठेवता शिपायाने विचारलं, “मॅडम, टाके सुकले का?” कोणत्या भागावर शस्त्रक्रिया झाली आणि किती टाके पडले, हे तिने कार्यालयात कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

हे सांगताना तिचा आवाज पहिल्यांदाच खाली आला.

मी तिला म्हटलं, माहितीच्या अधिकारात विचार. अर्ज आम्ही दोघींनी मिळून लिहिला. तक्रारीवर काय कार्यवाही झाली, साहेबांना कारणे दाखवा नोटीस दिली का, दिली असल्यास तिचा निकाल काय, एवढंच. उत्तर मुदतीत आलं. विचारलेली माहिती तृतीय पक्षाची वैयक्तिक माहिती आहे, कलम ८(१)(जे) प्रमाणे देता येत नाही. आणि खाली आधार म्हणून एका खटल्याचं नाव: गिरीश रामचंद्र देशपांडे.

फरीदाबादच्या कागदावर देशपांडे वाचून मी थबकले. हे प्रकरण आपल्या अकोल्याचं आहे. भविष्य निर्वाह निधीच्या अकोला कार्यालयात एक अंमलबजावणी अधिकारी होता. त्याला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, झालेल्या शिक्षा, मालमत्तेचा तपशील, असं बरंच काही देशपांडे यांनी २००८ मध्ये मागितलं. नकार मिळाला. ते माहिती आयोगात गेले, उच्च न्यायालयात गेले, शेवटी सर्वोच्च न्यायालयात. ३ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यायालयाने सांगितलं की नोकराचं काम कसं आहे हा मुळात नोकर आणि मालक यांच्यातला मामला आहे, त्याला सेवानियम लागू होतात, आणि मेमो, नोटिसा, शिक्षा ही वैयक्तिक माहिती आहे. व्यापक जनहित दाखवलं तर ती देता येईल, तुम्ही ते दाखवलेलं नाही.

तेव्हापासून कार्यालयाकार्यालयात हा निकाल पाठ आहे. भविष्य निर्वाह निधी म्हणजे कामगाराच्या घामाचा पैसा. फरीदाबादमध्ये मेट्रोच्या स्टेशनांनाही बाटा आणि एस्कॉर्ट्स या कारखान्यांची नावं आहेत. अशा शहरात त्या खात्यातल्या अधिकाऱ्याला कितीदा समज दिली गेली हे कामगाराने विचारलं, तर तो नसत्या चौकशा करतो आहे असं मला वाटत नाही. तरीही न्यायालयाचा मुद्दा मला अर्धा पटतो. नोकरी केली म्हणून माणसाने आपलं सगळं आयुष्य चव्हाट्यावर मांडावं असं नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे हे नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं, आणि तो हक्क कारकुनाइतकाच साहेबालाही आहे.

उरलेला अर्धा भाग पटत नाही. त्या कार्यालयात साहेबांची नोटीस गुपित आहे आणि शेजारणीचे टाके उघडे आहेत. कायद्याचं पांघरूण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला मिळालं. जिने तक्रार केली ती उघड्यावर राहिली.

आणि आता ते पांघरूण आणखी जाड झालं आहे. ८(१)(जे) मध्ये पूर्वी अटी होत्या. ज्या वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा जी दिल्याने खासगीपणावर नाहक आक्रमण होईल, तीच नाकारता येत होती, आणि जनहित मोठं असेल तर तीही द्यावी लागत होती. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, असं बजावलेलं होतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हे सगळं काढलं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती दुरुस्ती लागू झाली. आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढं म्हटलं की पुरे. कलम ८(२) तेवढं शिल्लक आहे. जनहित अधिक महत्त्वाचं असेल तर माहिती देता येते, असं ते सांगतं.

आपल्याकडे असं झालं नसतं, असं कुणी म्हणू नये. माझे मामा जिल्ह्याच्या एका कार्यालयात होते. त्यांनी वरिष्ठांविरुद्धचा अर्ज पाकिटात घालून, लाखेने बंद करून, वर तांबड्या शाईने ‘गोपनीय’ लिहून दिला. ते पाकीट बारनिशीत फुटलं. आवक रजिस्टरमध्ये विषयाच्या रकान्यात अर्जदाराचं नाव आणि कुणाविरुद्ध, दोन्ही सुवाच्य अक्षरात चढलं. दुपारच्या चहाला सगळ्या शाखांना ठाऊक होतं, फक्त मामांसमोर कुणी बोलत नव्हतं. पुढे त्यांना तालुक्याला पाठवलं. कारण प्रशासकीय. मामांच्या बाजूने उभं राहायला एकही माणूस नव्हता, कारण अधिकृतपणे कुणाला काही माहीतच नव्हतं. इथे निदान शेजारणीच्या कार्यालयातल्या दोघी-तिघी मोठ्याने म्हणाल्या की हे चुकलं, आणि सर्व कर्मचारी संघाचा एक कार्यकर्ता घरी येऊन कागद पाहून गेला. आपल्या लोकांनी हरियाणाच्या मोठ्या आवाजाला नावं ठेवण्याआधी आपल्या बारनिशीतली कुजबुज आठवावी.

दाद मागायच्या बाबतीत मात्र आपण सुखी आहोत, हे इथल्या लोकांना मी पुन्हा पुन्हा सांगते. आपल्याकडे मॅट, म्हणजे सरकारी नोकरांसाठीचं महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, आहे: मुंबई, नागपूर, औरंगाबाद. हरियाणात असं न्यायाधिकरण स्थापन करायची अधिसूचना २०१९ मध्ये निघाली, चंडीगडच्या वकिलांनी काम बंद ठेवलं, आणि पुढे ते उभं राहिलंच नाही. राज्य सरकारच्या नोकराला फरीदाबादहून चंडीगडला उच्च न्यायालयात जावं लागतं, म्हणजे अडीचशे किलोमीटरच्या वर. हे ऐकून शेजारणीचा नवरा म्हणाला, “तुमच्याकडे तीन-तीन ठिकाणी? मग तुम्ही लोक भिता कशाला?” मला उत्तर देता आलं नाही.

तक्रारदाराचं नाव फुटल्यावर काय होऊ शकतं, हे या देशाला माहीत नाही असं नाही. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा अभियंता सत्येंद्र दुबे याने पंतप्रधान कार्यालयाला रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराबद्दल कळवलं, नाव गुप्त ठेवा म्हणून विनवलं. पत्र नावासकट खाली गेलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्याचा खून झाला. त्यानंतर २००४ मध्ये केंद्राने ठराव केला. भ्रष्टाचाराची तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात द्यायची आणि आयोगाने नाव सांभाळायचं. जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये झाला, पण अंमलात आणलाच नाही. आणि हे सारं भ्रष्टाचारापुरतं. कापलेला पगार, नाकारलेली रजा, चारचौघांतला अपमान यांना तेवढंही कवच नाही.

हे कवच कसं असावं, तेही कायद्यात आधीच लिहिलेलं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा काढून कलम १६ वाचावं. तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो, साक्षीदार, यांची नावं-पत्ते, तक्रारीतला मजकूर, चौकशी, शिफारशी, यांतलं काही प्रसिद्ध करायचं नाही. माहितीचा अधिकारही तिथे चालत नाही. पण त्याच कलमात पुढे म्हटलं आहे की पीडित महिलेची आणि साक्षीदारांची ओळख पटणार नाही अशा रीतीने, मिळालेल्या न्यायाची माहिती सांगता येईल. नाव झाका, निकाल उघडा. पगार-रजेच्या, वागणुकीच्या तक्रारींना हेच का लावत नाहीत? जोडलेले दवाखान्याचे कागद वेगळ्या पाकिटात ठेवायला आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याकडे ती चौकशीला पाठवायची नाही एवढं ठरवायला दिल्लीचा कायदा लागत नाही. खात्याचं एक परिपत्रक पुरेल.

शेजारणीने पहिलं अपील दाखल केलं आहे. ते ऐकणारा अधिकारी त्याच कार्यालयातला वरिष्ठ आहे, त्यामुळे तिथे फार आशा नाही. यावेळी आम्ही नोटीस मागितलेली नाही. माझी तक्रार कोणत्या तारखेला निकाली निघाली, कोणत्या नियमाखाली, आणि माझे वैद्यकीय कागद कुणाकुणाच्या हातून गेले, एवढं तिने विचारलं आहे. ते कागद तिचे स्वतःचे आहेत, तिथे तृतीय पक्ष नाही. शेवटी ८(२)चा उल्लेख करून एक परिच्छेद जोडला आहे. तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीसांत निकाल यायला हवा. तो विरुद्ध गेला तर दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे, चंडीगडला. तिने पिशवीत कागदांच्या दोन प्रती लावून ठेवल्या आहेत.