पेनॉबस्कॉट नदीच्या खोऱ्यातील अटलांटिक सॅमनचे संवर्धन

पेनॉबस्कॉट ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मेन या ईशान्येकडील राज्याची सर्वांत मोठी नदी होय. तिच्या खोऱ्याचे क्षेत्रफळ सुमारे २२,००० चौरस किलोमीटर असून त्याने राज्याचा जवळजवळ चौथा हिस्सा व्यापला आहे. धरणे बांधली जाण्यापूर्वी या नदीत दरवर्षी ७५,००० ते १,००,००० अटलांटिक सॅमन समुद्रातून परत येत असावेत, असा अंदाज केला जातो. अलीकडच्या काळात बऱ्या वर्षी हजार-दीड हजार मासे परततात आणि त्यांपैकीही बहुतेक मत्स्यबीज केंद्रात जन्मलेले असतात. तरीसुद्धा अमेरिकेच्या नद्यांत परतणाऱ्या अटलांटिक सॅमनांपैकी बहुसंख्य याच नदीत येतात. त्यामुळे त्या देशातील या जातीचे भवितव्य मुख्यत्वे पेनॉबस्कॉटच्या खोऱ्यावर अवलंबून आहे.

अटलांटिक सॅमनचे शास्त्रीय नाव साल्मो सालार असे आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मिळणारा रावस बाजारात ‘इंडियन सॅमन’ या नावाने विकला जातो. परंतु तो सर्वस्वी निराळ्या कुळातील मासा असून त्याचा सॅमनशी संबंध नाही.

जीवनक्रम

सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा नदीत येतो. भारतीय वाचकांस परिचित असलेला हिलसा मासाही असाच समुद्रातून नदीत चढतो. १९७५ साली सुरू झालेल्या फराक्का बंधाऱ्यामुळे गंगेच्या वरच्या भागात तो दुर्मीळ झाला. पेनॉबस्कॉटमधील सॅमनची कथा मुळात त्याच प्रकारची आहे. मात्र सॅमन सामान्यतः ज्या नदीत जन्मला त्याच नदीत, पुष्कळदा त्याच उपनदीत परततो. या शोधात त्याला पाण्याच्या गंधाचा आधार मिळतो.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मादी वाहत्या, थंड पाण्यातील वाळूगोट्यांत शेपटीने खळगा करून अंडी घालते व त्यावर पुन्हा गोटे लोटते. मोठी मादी सात-आठ हजार अंडी घालते. हिवाळाभर अंडी त्या गोट्यांखाली राहतात. खळग्यातून सतत पाणी खेळते राहिले तरच त्यांना प्राणवायू मिळतो. गाळ साचला की ती गुदमरतात. वसंत ऋतूत पिल्ले बाहेर पडतात आणि बहुधा दोन वर्षे ओढ्यातच राहतात. या अवस्थेतील अंगावर उभे पट्टे असलेल्या पिल्लास ‘पार’ म्हणतात. पुढे त्याच्या शरीरात मोठे स्थित्यंतर घडते: पट्टे नाहीसे होतात, अंग रुपेरी होते, कल्ले आणि मूत्रपिंडे खाऱ्या पाण्यासाठी सिद्ध होतात. या अवस्थेस ‘स्मोल्ट’ असे नाव आहे. एप्रिल ते जून या काळात स्मोल्ट प्रवाहाबरोबर समुद्रात जातात. ही संधी फार थोड्या दिवसांची असते. वाटेत फार विलंब झाला, तर खाऱ्या पाण्यात जगण्याची त्यांची क्षमता ओसरू लागते.

समुद्रात पेनॉबस्कॉटचे मासे लॅब्राडोरचा समुद्र ओलांडून ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोहोचतात. काही एका वर्षाने, तर बहुतेक माद्या दोन वर्षांनी परततात. नदीत शिरल्यानंतर प्रौढ सॅमन अन्न घेत नाही. मे-जूनमध्ये आलेला मासा शरद ऋतूत अंडी घालीपर्यंत समुद्रात साठवलेल्या चरबीवरच जगतो. धरणांच्या प्रश्नाचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण वाटेत वाया गेलेला प्रत्येक दिवस या शिदोरीतून वजा होतो.

ऱ्हास

एकोणिसाव्या शतकात बँगॉर हे नदीकाठचे शहर लाकडाच्या व्यापारासाठी जगप्रसिद्ध होते. कटाडिन पर्वताभोवतीच्या अरण्यात तोडलेले ओंडके वसंतातील पुराबरोबर खाली वाहून आणले जात. त्यासाठी ओढ्यांतील मोठे दगड व पडलेली झाडे काढून टाकण्यात आली, जागोजागी बांध घालण्यात आले आणि लाकूड गिरण्यांचा भुसा नदीतच पडू लागला. पाठोपाठ कागद गिरण्या आल्या आणि त्यानंतर जलविद्युत केंद्रे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्य प्रवाह व उपनद्या धरणांनी अडवल्या गेल्या होत्या आणि गिरण्यांच्या सांडपाण्याने खालच्या पात्रातील पाण्यात उन्हाळ्यात प्राणवायू उरत नसे. १९४७ साली व्यापारी मच्छीमारांच्या हाती केवळ ४० सॅमन लागले आणि पुढच्या वर्षी ती मासेमारी बंद झाली.

या ऱ्हासाच्या काळात एक प्रथा मात्र नेमाने चालू होती. १९१२ सालापासून बँगॉरच्या डोहात हंगामात प्रथम गळाला लागलेला सॅमन अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडे पाठवला जाई. पहिला मान विल्यम टॅफ्ट यांना मिळाला. मधल्या काळात मासेच मिळेनात म्हणून प्रथा खंडित झाली, नंतर ती पुन्हा सुरू झाली आणि १९९२ साली जॉर्ज बुश (थोरले) यांना दिलेल्या माशानंतर ती थांबली. १९९९ च्या अखेरीस राज्यभर हौशी सॅमन-मासेमारीवरही बंदी आली.

१९७२ च्या स्वच्छ जल कायद्यामुळे नदीचे पाणी लक्षणीय सुधारले. हा कायदा घडवून आणण्यात पुढाकार घेणारे सेनेटर एडमंड मस्की हे मेनचेच होते. पाणी सुधारले आणि मत्स्यबीज केंद्रांतून मोठ्या प्रमाणावर पिल्ले सोडली गेली, तेव्हा १९८० च्या दशकात परतणाऱ्या माशांची संख्या काही हजारांपर्यंत वाढली. परंतु १९९० नंतर ती पुन्हा घसरली. २००० साली मेनमधील काही लहान नद्यांतील सॅमनला संघराज्याच्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याचे संरक्षण मिळाले. २००९ साली त्यात पेनॉबस्कॉटचा समावेश झाला.

धरणांचा करार

पेनॉबस्कॉट हे या नदीच्या मूळ रहिवाशांचेही नाव आहे. ओल्ड टाउन शहराजवळील नदीतल्या एका बेटावर त्यांची मुख्य वस्ती आहे. सॅमन हा त्यांच्या आहाराचा आणि परंपरेचा भाग होता. मासे धरण्याचा अधिकार असूनही या समाजाने गेली अनेक दशके स्वेच्छेने सॅमन धरलेला नाही. नदी मोकळी करण्याच्या प्रयत्नांतही हा समाज अग्रभागी होता.

२००४ साली पेनॉबस्कॉट नेशन, अटलांटिक सॅमन फेडरेशन, अमेरिकन रिव्हर्स, ट्राउट अनलिमिटेड आदी संस्था, शासकीय खाती आणि धरणांची मालक असलेली पीपीएल ही वीज कंपनी यांच्यात करार झाला. एका न्यासाने तीन धरणे विकत घ्यावीत. त्यांपैकी समुद्राजवळची दोन पाडावीत, तिसऱ्याभोवती माशांसाठी वळणप्रवाह काढावा आणि त्याबदल्यात खोऱ्यातील उरलेल्या काही केंद्रांची क्षमता वाढवू द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. एकूण वीज उत्पादन कमी होणार नाही अशी ही रचना होती. प्रत्येक धरणासाठी स्वतंत्र वाद घालण्याऐवजी संपूर्ण खोऱ्याचा एकत्र हिशेब मांडला, हे या कराराचे खरे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

२०१० साली सुमारे २४ दशलक्ष डॉलर देऊन धरणांची खरेदी पूर्ण झाली. ग्रेट वर्क्स धरण २०१२ मध्ये, तर समुद्राच्या सर्वांत जवळचे वीझी धरण २०१३ मध्ये काढण्यास प्रारंभ झाला. पिस्काटाक्विस या उपनदीच्या मुखाशी असलेल्या हाउलंड धरणाचा वळणप्रवाह त्यानंतर बांधून झाला. पिस्काटाक्विसचे महत्त्व असे, की सॅमनच्या विणीस योग्य असे खोऱ्यातील उत्तम ओढे तिच्या वरच्या भागात आहेत. आता पहिला अडथळा मिलफर्ड येथे असून तेथे मासे वर उचलून नेणारी लिफ्ट बसवलेली आहे.

नदी मोकळी झाल्यानंतर

याचा परिणाम काही जातींवर विस्मयकारक झाला. धरणे पाडण्यापूर्वी काही हजारांवर आलेले नदीतील हेरिंग मासे थोड्याच वर्षांत २० लाखांच्या पुढे गेले. अर्थात त्यात वरच्या तळ्यांत प्रौढ मासे नेऊन सोडण्याच्या कामाचाही वाटा होता. २०१५ साली आखूडतोंड्या स्टर्जन हा मासा वीझीच्या वर शतकाहून अधिक काळानंतर प्रथमच आढळला. समुद्री लँप्रेही वर चढू लागला. अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत हा मासा उपद्रवी परकीय म्हणून मारला जातो. येथे मात्र तो मूळचाच आहे. विणीच्या वेळी तो गोटे उचलून बाजूला ठेवतो, त्याने तळ स्वच्छ होतो. तशी जागा सॅमनलाही सोयीची ठरते.

सॅमनची संख्या मात्र तशी वाढली नाही. २०११ साली, म्हणजे धरणे उभी असताना, ३,००० हून अधिक मासे परतले. २०१४ साली, धरणे गेल्यानंतर, ३०० सुद्धा परतले नाहीत. पुढे संख्या सावरली, पण अपेक्षित झेप दिसली नाही. यावरून धरणे पाडणे व्यर्थ ठरले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. २०१४ चे मासे बहुतांशी २०१२ साली समुद्रात गेलेले होते आणि त्यांची वाताहत झाली ती मुख्यत्वे समुद्रात.

उरलेल्या धरणांचा प्रश्नही आहेच. समजा, प्रत्येक धरणावरून खाली जाताना शंभरांतील ९५ स्मोल्ट वाचतात. हे प्रमाण ऐकण्यास समाधानकारक वाटते. परंतु अशी पाच धरणे ओलांडल्यावर शंभरांतील ७७ च उरतात. वर येणाऱ्या प्रौढ माशांची अडचण वेगळी. मिलफर्डच्या लिफ्टचे तोंड न सापडल्याने काही मासे धरणाखालच्या कोमट पाण्यात दिवसच्या दिवस, क्वचित आठवडे घोटाळत राहतात आणि उपाशीपोटी आपली चरबी खर्च करतात.

ओढे, मोऱ्या आणि लाकूड

खोऱ्यातील लहान ओढ्यांवर रस्त्यांच्या असंख्य मोऱ्या आहेत. जुन्या मोऱ्यांचा नळ अरुंद असल्याने पाणी जोराने सुटते, खालचा तळ खरवडला जातो आणि काही काळाने नळाचे तोंड पाण्याच्या वर लोंबकळू लागते. माणसाच्या गुडघ्याएवढी ही उडी बोटभर पिल्लाला मारता येत नाही. उन्हाळ्यात पाणी तापते तेव्हा पिल्लांना थंड झऱ्यांकडे सरकावे लागते. मोरीने वाट अडली तर ती तेथेच मरतात. म्हणून नळाच्या जागी ओढ्याच्या पात्राहून रुंद, खाली नैसर्गिक तळ असलेले छोटे पूल बांधले जात आहेत. अशा पुलावरून पूरही सुखरूप जातो, त्यामुळे रस्ते सांभाळणाऱ्या गावांनाही तो परवडतो.

दुसरे काम ऐकण्यास विचित्र वाटेल. दीडशे वर्षांपूर्वी ज्या ओढ्यांतून लाकूड कष्टाने काढून टाकले, त्यांतच आता काठावरची झाडे मुद्दाम पाडून टाकली जातात. पडलेल्या झाडामागे गोटे अडतात, पुढे डोह पडतो, पाणी सावलीत व थंड राहते आणि पिल्लांना आडोसा मिळतो.

मत्स्यबीज केंद्राचा आधार व मर्यादा

पेनॉबस्कॉटच्या सॅमनपासून अंडी मिळवण्याचे काम चार्ल्स अ‍ॅटकिन्स यांनी १८७१ साली सुरू केले. त्यातूनच १८८९ साली क्रेग ब्रुक येथील संघराज्याचे केंद्र उभे राहिले. आजही मिलफर्डला आलेल्या माशांपैकी काहीशे मासे तेथे नेले जातात. त्यांच्या अंड्यांतून ग्रीन लेक या दुसऱ्या केंद्रात स्मोल्ट वाढवले जातात आणि दरवर्षी सुमारे साडेपाच ते सहा लाख स्मोल्ट नदीत सोडले जातात. परतणारे मासे हजाराच्या आसपास धरले, तर हे प्रमाण हजारी दोनाहूनही कमी भरते.

केंद्र नसते, तर या नदीतील सॅमन बहुधा केव्हाच नामशेष झाला असता. परंतु हौदात वाढलेल्या माशाची निवड हौदातील परिस्थिती करते, नदी करीत नाही. तयार खाद्य खाणारे, गर्दी सोसणारे मासे तेथे तगतात. पाणकावळा दिसताच दगडाआड जाण्याचे शिक्षण त्यांना मिळत नाही. नदीत जन्मलेला स्मोल्ट आकाराने लहान असूनही समुद्रातून परत येण्याची त्याची शक्यता अधिक असते. शेजारच्या कनेक्टिकट नदीचा अनुभव याबाबत बोलका आहे. तेथील मूळ सॅमन १७९८ सालच्या धरणानंतर नष्ट झाला. विसाव्या शतकात बाहेरच्या, मुख्यतः पेनॉबस्कॉटच्या वंशाचे मासे आणून सुमारे ४५ वर्षे प्रयत्न झाला आणि २०१२ साली संघराज्य शासनाने तो सोडून दिला.

समुद्रातील संकट

पश्चिम ग्रीनलंडच्या पाण्यात अमेरिका, कॅनडा व युरोपातील अनेक नद्यांचे सॅमन एकत्र चरतात. १९७१ साली तेथे २,६०० टनांहून अधिक सॅमन पकडले गेले. १९८३ साली अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार उत्तर अटलांटिक सॅमन संवर्धन संघटना स्थापन झाली आणि ही मासेमारी पुष्कळच आटोक्यात आली. तथापि समुद्रातील मृत्यूचे प्रमाण त्यानंतरही वाढले. मेनचे आखात जगातील वेगाने तापणाऱ्या सागरी भागांपैकी एक आहे. उत्तरेकडील समुद्रात सॅमनच्या भक्ष्य माशांचा आकार व पोषणमूल्य बदलले आहे. २०२३ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, २००६ ते २०२० या काळात जगातील अटलांटिक सॅमनची संख्या २३ टक्क्यांनी घटल्याचे नमूद करून या जातीची नोंद ‘संकटाच्या समीप’ या वर्गात केली.

सद्यःस्थिती

२०१९ च्या शासकीय पुनरुज्जीवन आराखड्यानुसार मेनमधील सॅमनचे अधिवास तीन विभागांत वाटलेले असून पेनॉबस्कॉट हा त्यांपैकी एक आहे. प्रत्येक विभागात दरवर्षी किमान २,००० नदीतच जन्मलेले प्रौढ मासे स्वबळावर परतू लागले, तरच संकटग्रस्तांच्या सूचीतून ही जात वगळता येईल. केंद्रातील मासे या गणतीत धरले जात नाहीत. अलीकडे स्मोल्ट सोडण्याबरोबरच मासे समुद्रातील जाळीच्या पिंजऱ्यांत प्रौढ होईपर्यंत वाढवून पेनॉबस्कॉटच्या पूर्व शाखेत विणीसाठी सोडण्याचा प्रयोग हाती घेण्यात आला आहे. समुद्रातील मृत्यू टाळून अंडी मात्र नदीतच घातली जावीत, हा त्यामागील हेतू आहे. त्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना दोन वर्षे ओढ्यात, नंतर एक-दोन वर्षे समुद्रात काढावयाची असल्याने प्रत्येक तुकडीचा निकाल कळण्यास चार-पाच वर्षे लागतात.