लंगरातले आजी-आजोबा

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगराच्या कामाला अर्ज करावा लागत नाही. हातपाय धुवायचे, डोकं झाकायचं आणि लसूण सोलणाऱ्या बायकांच्या गोलात जागा दिसेल तिथे बसायचं. मी धर्माबादची निवृत्त शिक्षिका. मला हे सहज जमलं. आमच्या ह्यांना जड गेलं. मिरचीच्या आडतीवर जन्मभर खातेवह्या सांभाळलेला माणूस, "माझ्याकडे नेमकं काम कोणतं?" हे कळल्याशिवाय बसेना. एका वयस्कर सरदारजींनी त्यांना जोडाघरात नेलं. येणाऱ्याची चप्पल हातात घ्यायची, खणात ठेवायची, बिल्ला द्यायचा. हिशेबाचंच काम म्हणून हे तिथे रमले. आता आम्ही अधूनमधून काही दिवस नांदेडला राहतो, ते या कामासाठीच.

जोडाघरात आणि लंगरात आमच्या वयाची जोडपी खूप भेटतात. पंजाबातून सचखंड एक्स्प्रेसने येतात, यात्री निवासात उतरतात आणि राहतील तितके दिवस पडेल ते काम करतात. त्या गाडीच्या वाटेवर कितीतरी स्थानकांवर सेवेकरी प्रवाशांना फुकट जेवण वाढतात, म्हणजे मुक्कामाला पोचण्याआधीच लंगर सुरू झालेला असतो. माझ्याशेजारी परशादे, म्हणजे लंगरातल्या पोळ्या, लाटणाऱ्या एका आजींना मराठी येत नाही आणि माझी हिंदी धर्माबादची, तेलुगू वळणाची. तरी गुडघेदुखीवरचे सगळे उपाय आम्ही एकमेकींना सांगून झालेत.

ही जागा त्यांना एवढी मोलाची का, हे मी शाळेत शिकवलं होतं. कळलं मात्र इथे बसल्यावर. दहावे गुरू गोविंदसिंग 1708 साली गोदावरीकाठी नांदेडला आले. माधोदास नावाचा बैरागी त्यांना इथेच भेटला आणि बंदासिंग बहादूर झाला. गुरूंवर खुनी हल्ला झाला तोही इथेच. आपल्यानंतर माणूस गुरू नसेल, ग्रंथ हाच गुरू, असं त्यांनी इथे सांगितलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये देह ठेवला. सोबतचे पुष्कळ लोक परत पंजाबकडे निघाले, तेव्हा भाई संतोखसिंगांना मागे राहून लंगर चालू ठेवायची आज्ञा झाली, असं शीख परंपरा सांगते. परक्या मुलखात मागे राहिलेल्या थोड्या माणसांच्या हाती चूल सोपवलेली होती. आमच्या हातातलं लाटणं त्याच चुलीसाठी चालतं.

पुढे महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात आजची मुख्य वास्तू बांधवून घेतली. त्याच सुमारास पंजाबातले शीख सैनिक निजामाच्या राज्यात आले आणि इथलेच झाले. त्यांच्या वंशजांना दखनी शीख म्हणतात. त्यांच्यातली कितीतरी माणसं आपल्याइतक्याच सफाईने मराठी बोलतात. गुरूंच्या पाच निवडक शिष्यांपैकी, म्हणजे पंचप्याऱ्यांपैकी, भाई साहिबसिंग तर बिदरचे, म्हणजे उदगीरच्या पलीकडचे. पंजाबच्या इतिहासातलं हे पान आपल्याच पट्ट्यातलं आहे. रोज पहाटे गोदावरीचं पाणी घागरीतून गुरुद्वाऱ्यात नेतात. तेच पाणी पुढे वाहत आमच्या तालुक्यात बाभळीच्या बंधाऱ्याशी येतं.

माझी भाची अमेरिकेत असते. ती मिसिसिपीकाठच्या नॉवू गावी जाऊन आली आणि तिने फोनवर सांगितलेलं ऐकून मला आमचंच जोडाघर आठवलं. नॉवू हे मॉर्मन पंथाच्या लोकांनी वसवलेलं गाव. 1846 साली त्यांना ते सोडावं लागलं आणि गाड्या जुंपून ते पश्चिमेला निघाले. 1847 च्या जुलैत त्यांची पहिली तुकडी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. आज नॉवूची जुनी घरं निवृत्त जोडपी दाखवतात. आजोबा विटा कशा पाडत ते करून दाखवतात, आजी पाहुण्यांना त्या काळातल्या घरांची गोष्ट सांगतात. सहा महिन्यांपासून दोन वर्षांच्या आतबाहेर मुदत असते, नेमणूक पंथाकडून होते आणि खर्च ज्याचा त्याने करायचा.

त्यांची पद्धत आणि आमची पद्धत वेगळी आहे. तिथे सेवेकऱ्याने गोष्ट सांगायची असते. इथे कोणी सांगायला बसत नाही. दाल ढवळता ढवळता इतिहास कानावर पडतो. तिथे धर्मप्रचारही आहे. इथे मला आजवर कोणी माझा धर्म विचारलेला नाही. डोकं झाकलंय का आणि खिशात तंबाखू तर नाही ना, एवढंच पाहतात. दोन्हीकडे एक गोष्ट मात्र सारखी आहे. जुनी जागा जपायची जबाबदारी पगारी पहारेकऱ्यावर टाकलेली नाही. ज्यांच्याकडे वेळ आहे आणि ज्यांची कामाची सवय सुटलेली नाही, अशा म्हाताऱ्यांना तिथे रोजचं काम दिलेलं आहे.

निवृत्तीनंतर गावात माणसाची ओळख जुन्या हुद्द्यावर चालते. मला अजून 'बाई' म्हणतात, ह्यांना 'दिवाणजी'. लंगरात हुद्दा दारातच उतरतो. माझ्यासमोर बसून वाटाणे सोलणाऱ्या गृहस्थांचा मोठा कारखाना आहे, हे मला पुष्कळ दिवसांनी, तेही दुसऱ्याकडून कळलं. गुडघे दुखत असतील तर बसून करायचं काम मिळतं, उभं राहवत असेल तर पंगतीत वाढायचं. काम लहान असतं, पण कोणीतरी ते केलं नाही तर पंगत खोळंबते. साठीनंतर आपल्यावाचून काही खोळंबतं, हे कळणं औषधापेक्षा गुणकारी आहे.

म्हणून माझं एक म्हणणं आहे. आपल्या जिल्ह्यात कंधारचा किल्ला आहे, देगलूर तालुक्यात होट्टलची चालुक्यकालीन मंदिरं आहेत. तिथे पाहुणा जातो, फोटो काढतो, परततो. सुट्टीच्या दिवशी निवृत्त माणसांनी पाळी लावावी: कोणी आवार झाडावं, कोणी प्यायचं पाणी भरून ठेवावं, कोणी शाळेच्या मुलांना खांबांवरची शिल्पं दाखवावीत. यासाठी फार पैसा लागणार नाही. पुरातत्त्व खात्याची परवानगी लागेल आणि पाळ्यांची एक वही. वही सांभाळायला आमचे हे एका पायावर तयार आहेत.