हरलो तर खर्च कुणाच्या बोकांडी?

‘कंपनीवर केस टाकली आणि हरलो, तर त्यांच्या वकिलाची फी आपणच भरायची ना?’ नगर जिल्ह्यात नागापूरच्या एमआयडीसीत असो की सुप्यात, भेदभावाच्या कितीतरी तक्रारी या एका शंकेपाशीच विरतात. पण ही भीती वाजवीपेक्षा मोठी आहे.

मर्जीतल्याला बढती आणि इतरांना डावलणे, ही 1971 च्या राज्य कायद्यानुसार अनुचित कामगार प्रथा. घटनेपासून 90 दिवसांत औद्योगिक न्यायालयात तक्रार करता येते. आकसाने नोकरीवरून काढले, तर कामगार न्यायालयात. तिथे हरणाऱ्याच्या निकालपत्राची शेवटची ओळ बहुधा अशी असते : ‘तक्रार नामंजूर. उभय पक्षांनी आपापला खर्च सोसावा.’

शिवाय हरणे म्हणजे खोटे ठरणे नव्हे. राहुरीचे उदाहरण घ्या. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शेतांवर वर्षानुवर्षे रोजंदारीवर राबणाऱ्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2001 मध्ये न्यायालयाने सांगितले, की पदे मंजूर करणे सरकारच्या हातात आहे. मंजूर पदच नसताना कायम केले नाही, एवढ्यावरून विद्यापीठाला अनुचित प्रथेचा दोष देता येत नाही. कामगारांचा मुद्दा टिकला नाही. म्हणून त्यांची तक्रार खोटी होती असे कोण म्हणेल? लैंगिक छळाविरोधी 2013 च्या कायद्यात तर हे स्पष्टच लिहिले आहे : आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाई होत नाही.

मग खर्च कधी बसतो? बनावट कागद दाखल केला, हिशेब चुकता करून घेतल्याची सही लपवली, एकच तक्रार दोन ठिकाणी लावली, की न्यायाधीशांची नजर बदलते. ऊठसूट तारीख मागितली तर अर्ज ‘खर्चासह मंजूर’ होतो; हा भुर्दंड किरकोळ, पण तारखेगणिक वाढणारा. दिवाणी दाव्यात खोट्या दाव्याबद्दलच्या भरपाईला कलम 35-अ ची 3000 रुपयांची मर्यादा आहे. उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात मात्र असा ठरावीक आकडा नाही. तिथे रिट याचिका घेऊन जाण्याआधी वकिलाला खर्चाबद्दल स्पष्ट विचारावे. ब्रिटनमध्येही रोजगार न्यायाधिकरणात एरवी ज्याचा खर्च त्याच्याकडेच राहतो. त्रास देण्यासाठी किंवा मुळात दम नसलेली केस रेटली, तर मात्र समोरच्याचा खर्च माथी येऊ शकतो.

माझ्या मते खरा खर्च आदेशात लिहिलेला नसतोच. जामखेड किंवा अकोल्याहून नगरला तारखेला यायचे, दिवसाची मजुरी बुडवायची, आणि समोरच्या वकिलाने मुदत मागितली की तसेच परतायचे. केस जिंकली तरी यातले फारसे काही परत मिळत नाही.

वकिलाच्या फीवर मात्र उपाय आहे. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, आणि तो तक्रारीच्या मुदतीचे 90 दिवस सरायच्या आत.