बालगृहाची तपासणी : दप्तर आणि मूल

आईवडिलांचे छत्र हरपलेल्या, घर सोडून आलेल्या किंवा घरातच ज्यांची आबाळ व छळ होत होता, अशा मुलांना बाल कल्याण समितीच्या आदेशाने ज्या निवासी संस्थेत ठेवले जाते, तिला बालगृह म्हणतात. बाल कल्याण समिती म्हणजे अध्यक्ष आणि चार सदस्य असलेली, न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार लाभलेली जिल्हा पातळीवरील यंत्रणा होय. बालगृहात आलेले मूल संस्था आवडली नाही म्हणून स्वतःहून दुसरीकडे जाऊ शकत नाही आणि त्याच्या वतीने भांडायला बहुधा घरचे कोणीही नसते. त्यामुळे शाळेची किंवा रुग्णालयाची तपासणी आणि बालगृहाची तपासणी यांना एकाच मापाने मोजता येत नाही. येथे बाहेरून येणारा तपासनीस हाच अनेकदा मुलाला भेटणारा एकमेव परका माणूस असतो.

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ हा या विषयाचा मूळ कायदा असून, केंद्राचे आदर्श नियम २०१६ मध्ये आणि त्यांच्या धर्तीवर महाराष्ट्राचे नियम २०१८ मध्ये आले. अधिनियमाच्या कलम ४१ नुसार मुले ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने, तिला सरकारी अनुदान असो वा नसो, नोंदणी करणे बंधनकारक आहे, आणि तसे न केल्यास संस्थाचालकास एक वर्षापर्यंत कारावास किंवा किमान एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. इमारतीची मापेही आदर्श नियमांत दिलेली आहेत : पन्नास मुलांच्या संस्थेत प्रत्येकी पंचवीस मुलांसाठी एक हजार चौरस फुटांचे दोन वसतिकक्ष, सात मुलांमागे एक शौचालय, दहा मुलांमागे एक स्नानगृह, शिवाय आजारी मुलांची खोली, वर्गखोल्या, स्वयंपाकघर आणि भोजनगृह. ही मापे टेप घेऊन तपासता येतात, आणि म्हणूनच तपासणीचा बराचसा वेळ त्यांतच खर्च होतो.

सुरक्षिततेचा खरा अंदाज मात्र बारीक गोष्टींवरून येतो. न्हाणीघराला आतून कडी आहे का, अग्निशामक नळकांड्यावरील चिठ्ठीवर पुनर्भरणाची तारीख कोणती आहे, औषधांच्या वहीतील नोंद आणि कपाटातील गोळ्यांची पाकिटे जुळतात का, हजेरीपटावर जितकी मुले दाखवली आहेत तितक्यांना पुरेल एवढा शिधा त्या दिवशी कोठारातून निघाला आहे का, आणि रात्री मुलांजवळ नेमके कोण झोपते, हे प्रश्न साधे असले तरी त्यांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहिली की संस्थेचा कारभार उघडा पडतो. दाराच्या कुलपाचा प्रश्न यांत सर्वांत अवघड आहे. मूल पळून जाईल या भीतीने रात्री बाहेरून कुलूप लावले जाते आणि आग लागल्यास तेच कुलूप जीवघेणे ठरते. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या खासगी आश्रमाला आग लागली तेव्हा साखळदंडांनी जखडलेली २८ माणसे जळून मेली. ती संस्था मुलांची नव्हती. पण माणसाला कोंडून सुरक्षित ठेवता येते ही समजूत किती घातक आहे, हे तेथे दिसले.

तपासणीची चौकट कायद्याने बऱ्यापैकी घट्ट बांधली आहे. कलम ५४ नुसार राज्य आणि जिल्हा पातळीवर निरीक्षण समित्या असतात. किमान तीन जणांच्या पथकाने, ज्यात एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे, तीन महिन्यांतून एकदा तरी प्रत्येक संस्थेस भेट द्यायची आणि भेटीनंतर आठवडाभरात अहवाल सादर करायचा असतो. बाल कल्याण समितीनेही महिन्यातून किमान दोनदा निवासी संस्थांना भेट द्यावी, असे अधिनियम सांगतो. इतक्या नजरा असताना काही लपून राहू नये, असे वाटणे साहजिक आहे.

बिहारमधील मुझफ्फरपूरच्या बालिकागृहाने ही समजूत खोटी ठरवली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या प्रकल्पाने बिहारमधील ११० निवासी संस्थांचे सामाजिक अंकेक्षण केले. सामाजिक अंकेक्षण म्हणजे हिशेब व नोंदींबरोबरच ज्यांच्यासाठी योजना चालते त्यांचा अनुभव विचारून केलेली पडताळणी. २०१८ मध्ये सादर झालेल्या या अहवालात मुझफ्फरपूरच्या मुलींवरील लैंगिक अत्याचारांचा उल्लेख होता, तसेच इतर अनेक संस्थांमधील गंभीर गोष्टीही नोंदवल्या होत्या. जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने एकोणीस जणांना दोषी ठरवले. त्यांत संस्थाचालक आणि कर्मचारी तर होतेच, शिवाय बाल कल्याण समितीचा माजी अध्यक्ष आणि जिल्ह्याचा बाल संरक्षण अधिकारीही होता. ज्यांनी मुलींना विचारायचे, तेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले. या निकालातून एक गोष्ट स्पष्ट होते : भेटींची संख्या वाढवून मुले सुरक्षित होत नाहीत, भेटीस येणारा माणूस संस्थेपासून स्वतंत्र असावा लागतो आणि त्याने मुलाशी एकांतात बोलावे लागते.

याच कसोटीवर २०१६ च्या आदर्श नियमांतही एक उणीव दिसते. संस्थेच्या व्यवस्थापन समितीचे अध्यक्षपद त्यांनी जिल्हा बाल संरक्षण अधिकाऱ्याकडे दिले आणि जिल्हा निरीक्षण समितीचे सदस्य-सचिवपदही त्याच अधिकाऱ्याकडे सोपवले. अधिकारी कितीही सचोटीचा असला तरी ज्या कारभाराला आपण जबाबदार आहोत, त्यातील दोष आपणच लिहून वर पाठवायचे, ही अपेक्षा अवाजवी आहे.

त्याच नियमांतील सूचनापेटीची तरतूद मात्र मुलाचे मन ओळखून केलेली आहे. ही पेटी कार्यालयापासून दूर आणि मुलांच्या राहण्याच्या खोल्यांजवळ असावी, तिची किल्ली अधीक्षकाकडे न राहता व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असावी आणि दर आठवड्याला ती बालसमितीच्या, म्हणजे मुलांमधूनच निवडलेल्या समितीच्या, सदस्यांसमक्ष उघडली जावी, असे तेथे सांगितले आहे. अधीक्षकाच्या खोलीच्या दाराशी टांगलेली, धूळ बसलेली आणि सदैव रिकामी पेटी ही समाधानी मुलांची खूण समजणे ही मोठीच चूक होय. चांगल्या संस्थेच्या पेटीत भाजी बेचव असल्याच्या, पंखा बंद पडल्याच्या, कोणी मारल्याच्या चिठ्ठ्या निघतात, कारण तेथे मुलांना लिहिण्याची भीती वाटत नाही.

वाढदिवसाच्या किंवा स्मृतिदिनाच्या निमित्ताने बालगृहात जेवण अथवा कपडे देणाऱ्या कुटुंबांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे. या दात्यांनी नोंदणी प्रमाणपत्र पाहावे, निरीक्षण समितीची शेवटची भेट केव्हा झाली ते विचारावे आणि सूचनापेटी कोठे आहे याकडे लक्ष द्यावे; मुलांची छायाचित्रे मात्र प्रसिद्ध करू नयेत, कारण कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. काही वावगे आढळल्यास १०९८ या मदतवाहिनीवर कोणालाही विनाशुल्क कळवता येते.