मैदान जामठ्याला गेले, प्रेक्षक कुठे गेला?

शहराच्या मधोमध असलेले जुने क्रीडांगण थकले म्हणजे त्याची डागडुजी करावी, की ते सोडून शहराबाहेर नवे बांधावे, हा वाद मुंबईत झाला, अहमदाबादेत झाला, आणि आमच्या नागपुरातही झाला. नागपूरचा निकाल २००८ साली लागला. सिव्हिल लाइन्समधले विदर्भ क्रिकेट असोसिएशनचे मैदान मागे पडले आणि वर्धा रोडवर जामठा गावाजवळ ४५ हजार प्रेक्षक बसतील असे नवे स्टेडियम उभे राहिले. निकाल लागून गेला, आता कशाला उकरून काढता, असे कोणी विचारील. उकरतो ते एवढ्यासाठी की असे निकाल अजून लागायचे आहेत. २०२४ साली विश्वविजेत्या संघाची मुंबईत मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर लगेच मुंबईला एक लाख प्रेक्षकांचे नवे स्टेडियम हवे, असे सरकारकडून सांगण्यात आले. तेव्हा नागपूरच्या कष्टकरी माणसाने या अदलाबदलीत काय कमावले आणि काय गमावले, याचा हिशेब मांडून ठेवलेला बरा.

सिव्हिल लाइन्सच्या मैदानाची थोरवी कोणी नाकारत नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये तिथे पहिला कसोटी सामना झाला. न्यूझीलंडने तो जिंकला आणि भारतभूमीवरचा त्यांचा तो पहिलाच कसोटी विजय. ३१ ऑक्टोबर १९८७ रोजी विश्वचषकात त्याच न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्माने लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी त्रिफळाचीत केले. विश्वचषकाच्या इतिहासातली ती पहिली हॅट्ट्रिक. त्याच दिवशी सुनील गावसकरांनी एकदिवसीय सामन्यांतले आपले एकमेव शतक ठोकले, तेही ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा काढून. ज्यांनी तो सामना डोळ्यांनी पाहिला ते अजून त्याच्या गोष्टी सांगतात. ज्यांनी पाहिला नाही तेही सांगतात, ही गोष्ट वेगळी.

आमच्या वस्त्यांच्या दृष्टीने मात्र त्या मैदानाचा सर्वात मोठा गुण त्याच्या इतिहासात नव्हता, त्याच्या जागेत होता. इंदोरा, पाचपावली, गड्डीगोदाम येथून ते सायकलच्या अंतरावर. गिरणीत, बिडी कारखान्यात, रेल्वेत राबणाऱ्या माणसाला तिकिटापुरते पैसे साठले की बाकी खर्च नव्हता. डबा घरचा, सायकल स्वतःची. तिकीट मिळाले नाही तरी मैदानाभोवती उभे राहून आतला गलका ऐकता येत असे आणि त्या गलक्यावरून चौकार की बाद, हे ओळखता येत असे. चहावाला, शेंगदाणेवाला, झेंडे विकणारा पोरगा, सायकली राखणारा, या सर्वांना त्या चार-पाच दिवसांत चार पैसे मिळत.

परंतु या आठवणींनी हुरळून जाऊन चालणार नाही. २६ नोव्हेंबर १९९५ हा दिवस त्या मैदानाच्या हिशेबात मांडावाच लागतो. भारत आणि न्यूझीलंड यांच्यातील एकदिवसीय सामना. न्यूझीलंडने ३४८ धावा केल्या आणि दोन डावांच्या मधल्या सुटीत पूर्वेकडील स्टँडमधली भिंत कोसळली. किमान नऊ प्रेक्षक मरण पावले, कितीतरी जखमी झाले. सामना मात्र थांबला नाही. भारताचा डाव सुरू झाला, २४९ धावांवर संपला, भारत ९९ धावांनी हरला. दप्तरात हा सामना न्यूझीलंडचा विजय म्हणून नोंदला गेला आहे. ज्यांच्या घरचा माणूस क्रिकेट पाहायला म्हणून गेला आणि परत आला नाही, त्या घरांत तो दिवस कसा नोंदला गेला असेल, हे सांगायला नको. त्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, १ मार्च १९९६ रोजी, त्याच मैदानावर विश्वचषकाचा ऑस्ट्रेलिया-झिंबाब्वे सामना झाला.

या घटनेच्या एकच वर्ष आधी, २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, याच शहरात विधान भवनाजवळ गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जीव गेले होते. त्यांत स्त्रिया आणि लेकरे जास्त. ती जागा आणि क्रिकेटचे मैदान यांच्यात पायी जाण्याइतकेच अंतर. एक गर्दी हक्क मागायला आली होती, दुसरी खेळ पाहायला. दोन्हींतली माणसे साधी होती. गर्दी आली म्हणजे तिच्यासाठी रुंद वाटा, भक्कम भिंती, बाहेर पडायला मोकळी दारे लागतात, हे शिकायला या शहराला इतके जीव द्यावे लागावेत?

म्हणून जेव्हा सांगण्यात आले की सिव्हिल लाइन्सची जागा अपुरी आहे, भोवती कार्यालये आणि बंगले आहेत, वाहने ठेवायला ठिकाण नाही, वाढायला वाव नाही, तेव्हा ते सर्व खरेच होते. मोठ्या सामन्यासाठी नवे, ऐसपैस स्टेडियम बांधण्यात चूक होती असे आम्ही म्हणणार नाही. जुन्या भिंतींच्या आत चाळीस हजार माणसे पुन्हा पुन्हा कोंबण्यापेक्षा ते बरे. जुन्या मैदानावरचा शेवटचा कसोटी सामना मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्ध झाला, आणि शेवटचा आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना १४ ऑक्टोबर २००७ रोजी ऑस्ट्रेलियाविरुद्ध. ही तारीख आमच्या वाचकांना वेगळ्या कारणाने पाठ आहे. १९५६ च्या त्या दिवसापासून लाखोंची गर्दी या शहरात दरवर्षी येते. आगगाडीने, एस.टी.ने, पायी येते आणि लेकराबाळांसह उघड्यावर मुक्काम करून परत जाते. दूरवरच्या गर्दीला शहरापर्यंत आणायचे आणि सुखरूप घरी पोचवायचे म्हणजे काय, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. जामठ्याच्या बाबतीत नेमका हाच विचार मागे राहिला.

नोव्हेंबर २००८ मध्ये जामठ्याला पहिली कसोटी झाली. ऑस्ट्रेलिया समोर, सौरव गांगुलींचा शेवटचा सामना, भारताने सामना जिंकला आणि मालिकाही. इतके सगळे असून स्टेडियममधल्या खुर्च्या मोठ्या संख्येने रिकाम्या होत्या. कारण शोधायला समिती नेमायची गरज नव्हती. सीताबर्डीपासून जामठा १५-१६ किलोमीटर. इंदोऱ्याहून निघणाऱ्याला वीस किलोमीटरच्या घरात. पाच दिवस जायचे-यायचे म्हणजे दोनशे किलोमीटर! ज्याच्या घरी मोटार आहे त्याला वर्धा रोड म्हणजे अर्ध्या तासाची फेरी. ज्याच्या घरी सायकल आहे त्याच्यासाठी सामना संपला होता. रात्रीचा सामना असेल तर परतीला वाहन मिळेल की नाही, ही धास्ती वेगळी, आणि बायकापोरांना घेऊन जायचे म्हटले तर ती धास्ती दुप्पट.

नागपूर मेट्रोचा सीताबर्डी ते खापरी हा टप्पा मार्च २०१९ मध्ये सुरू झाला. कामठी रोडवरचा, म्हणजे कडबी चौक, इंदोरा चौक, नारी रोड या बाजूचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये. म्हणजे स्टेडियम आधी झाले आणि आमच्या वस्तीतून त्या दिशेला थेट जाणारी गाडी चौदा वर्षांनी आली. तीही खापरीपर्यंतच. मध्यंतरी जी पोरे लहानाची मोठी झाली, त्यांनी आपल्याच शहरातला आंतरराष्ट्रीय सामना दूरदर्शन संचावर पाहिला. २३ सप्टेंबर २०२२ च्या भारत-ऑस्ट्रेलिया सामन्याला मेट्रोने रात्री उशिरापर्यंत गाड्या चालवल्या तेव्हा त्या खच्चून भरल्या. लोकांना यायचे नव्हते असे नाही, त्यांना वाट नव्हती. त्या रात्री मैदान ओले राहिल्याने सामना दोन-अडीच तास उशिरा सुरू होऊन आठ-आठ षटकांवर आला. नव्या स्टेडियमलाही पाऊस नडतोच.

मग डागडुजी हाच गरिबाच्या सोयीचा मार्ग, असे कोणी म्हणेल, तर त्याने मुंबईकडे पाहावे. वानखेडे स्टेडियम हेच मुळात भांडणातून जन्मले. ब्रेबॉर्न स्टेडियमवर जागा कोणाला किती, यावरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात बिनसले आणि संघटनेने ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर दुसरे स्टेडियम बांधले. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. पुढे २०११ च्या विश्वचषकासाठी त्याची डागडुजी झाली. जागा तीच, चर्चगेट स्टेशनजवळ, लोकलने येणाऱ्याच्या सोयीची. पण ४५ हजारांच्या आसपास असलेली आसने ३३ हजारांवर आली, आणि २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्याला सर्वसामान्यांसाठी सुमारे ४ हजार तिकिटे होती. बाकी क्लबांना, सभासदांना, पाहुण्यांना. स्टेडियम दाराशी असून उपयोग काय, दारच बंद असेल तर? कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सची डागडुजी तर वेळेत पुरीच झाली नाही, आणि तिथला भारत-इंग्लंड सामना बंगलोरला हलवावा लागला.

नागपूरने एक गोष्ट मात्र चांगली केली, आणि ती सांगितली नाही तर हा हिशेब खोटा होईल. नवे बांधले म्हणून जुने मोडीत काढले नाही. शहराच्या मध्यावरची मोकळी झालेली जमीन कोणाच्या घशात जाते, हे आम्ही पाहिले आहे. एम्प्रेस मिलच्या जागेवर आज मॉल आहे. तिथे ज्यांच्या आजोबांनी साचे चालवले ते नातू आता तिथे पहारा करतात किंवा फरशी पुसतात. सिव्हिल लाइन्सच्या मैदानाचे तसे झाले नाही. तिथे आजही रणजी सामने होतात, वयोगटांचे सामने होतात, सराव होतो. रणजी सामन्याला बहुधा तिकीट नसते. सायकल लावा आणि आत जा.

आणि विदर्भाचे क्रिकेट वाढले ते याच काळात. वलनीच्या खाण वसाहतीतला, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा उमेश यादव २०११ साली विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. विदर्भाने २०१७-१८ साली रणजी करंडक प्रथमच जिंकला, पुढच्या वर्षी जामठ्यालाच सौराष्ट्राला हरवून तो राखला आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पुन्हा मिळवला. यात नव्या स्टेडियमच्या सोयींचा वाटा असेलच, आम्ही तो नाकारत नाही. पण खाणीतल्या किंवा वस्तीतल्या पोराला पहिला चेंडू टाकायला ४५ हजार खुर्च्या लागत नाहीत. त्याला घराजवळ सपाट जमीन लागते, आणि खरा सामना जवळून पाहण्याची संधी.

मिहानपासून बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत मेट्रो नेण्यास केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली आहे. हा मार्ग वर्धा रोडने, जामठ्यावरूनच जातो. तो पुरा होईल तेव्हा इंदोरा चौकात गाडीत बसलेला माणूस स्टेडियमजवळ उतरू शकेल. आमचे मागणे तोपर्यंतचे आणि त्यानंतरचेही आहे. प्रत्येक सामन्यात स्वस्त तिकिटांचा एक स्टँड राखून ठेवावा, तो पाहुण्यांना वाटू नये. ती तिकिटे खिडकीवर मिळावीत. ज्यांच्या हातात मोठा फोन नाही असे लोक अजून पुष्कळ आहेत. स्टँडमध्ये पिण्याचे पाणी फुकट असावे, स्त्रियांसाठी पुरेशी आणि स्वच्छ शौचालये असावीत. सामना रात्री कितीही वाजता संपो, शेवटची गाडी त्यानंतर सुटावी. आणि १९९५ साली भिंतीखाली गेलेल्यांची नावे सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर एका दगडावर कोरलेली असावीत, म्हणजे पूर्वेच्या बाजूला बसायला जाणारा प्रत्येक जण ती वाचून पुढे जाईल.