गाणं सगळ्यांना माहीत, सिनेमा कुठला ते आठवत नाही

मागच्या व्हिडिओत बोलता बोलता मी 'जीव रंगला' या गाण्याचं उदाहरण दिलं आणि वेळ संपत आली म्हणून तसाच पुढे गेलो. तो मुद्दा अर्धाच राहिला. आज तो नीट लिहून काढतो, कारण तो तुमच्या गल्ल्याशी संबंधित आहे.

नाशिकरोडच्या बॅचला मी हे नेहमी करून बघतो. पंचवीस-तीस जण समोर असतात. कोणी पापड-लोणचीवाले, कोणी मनुका विकणारे, कोणी नुकतीच सातपूरची नोकरी सोडलेले. विचारतो, 'जीव रंगला' कोणी ऐकलंय? सगळे हात वर. मग विचारतो, सिनेमा कुठला? निम्म्याहून जास्त हात खाली. एकदा एका ताईंनी तर ठामपणे सांगितलं, "सर, ते राणादाच्या मालिकेतलं आहे."

तर सिनेमा होता 'जोगवा'. थिएटरमध्ये आला २००९ मध्ये. आणि दिग्दर्शक कोण? आपल्या नाशिकचे राजीव पाटील. २०१३ मध्ये फार लवकर गेले ते. हे नाव आपल्याच शहरात सांगावं लागतं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

आता जरा धंद्याच्या नजरेने बघा, हा सिनेमा विकायला किती अवघड होता. यल्लम्माच्या नावाने सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींची गोष्ट. नायिका सुली, म्हणजे मुक्ता बर्वे, केसात जट निघाली म्हणून देवीला वाहिलेली. नायक तायप्पा, म्हणजे उपेंद्र लिमये, त्याला जोगता केलंय आणि साडी नेसवलीय. अख्खं गाव त्याला पुरुष मानायला तयार नाही. आणि या दोघांचं प्रेम दाखवायचं! तुम्ही वितरक असता तर पैसे लावले असते का? मी नसते लावले, खरं सांगतो.

इथे त्या द्वंद्वगीताने काम केलं. अजय-अतुल यांचं संगीत, संजय कृष्णाजी पाटील यांचे शब्द, आवाज हरिहरन आणि श्रेया घोषाल यांचे. एक तमिळ घरातला, दुसरी बंगाली. साडीतल्या तायप्पासाठी एखादा रांगडा, खेडवळ आवाज घेतला असता तरी चाललं असतं. कोणी चूक काढली नसती. पण त्याला दिला हरिहरनचा भारदस्त, मऊ, गझलेत मुरलेला आवाज. गाणं सुरू झालं की डोळ्यांना साडी दिसते, पण कानांना एक पुरुष ऐकू येतो, आपल्या माणसावर जीव लावलेला. जे तायप्पाला तोंडाने सांगता येत नाही ते प्रेक्षकाला कळून जातं. माझ्या मते सिनेमाचं सगळ्यात अवघड काम या गाण्याने करून टाकलं.

त्याची दखलही घेतली गेली. २००८ या वर्षासाठीच्या ५६व्या राष्ट्रीय पुरस्कारांत 'जोगवा'ला पाच पुरस्कार मिळाले. सामाजिक विषयावरचा चित्रपट, अभिनेता, संगीत, आणि या एकाच गाण्यासाठी गायक आणि गायिका दोन्ही. श्रेयाला त्या वर्षी एका बंगाली गाण्याचा आणि या मराठी गाण्याचा मिळून पुरस्कार होता.

म्हणजे माल एक नंबर. मग माझ्या बॅचमध्ये हात खाली का येतात?

कारण गाणं एकटंच फिरलं. रिंगटोनमध्ये, ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या व्हिडिओत, आता रीलमध्ये. ते जिथे जिथे गेलं तिथे 'जोगवा' हे नाव सोबत गेलं नाही. २०१६ मध्ये झी मराठीवर 'तुझ्यात जीव रंगला' ही मालिका आली, कोल्हापूरच्या पैलवानाची, आणि बऱ्याच लोकांच्या डोक्यात ते दोन शब्द त्या मालिकेचे होऊन बसले. यात कोणाची चूक नाही. शब्द सगळ्यांचेच असतात. पण लोकांच्या डोक्यातली जागा मोकळी असली की तिथे दुसरं कोणी येऊन बसतं.

हे मला इतकं का टोचतं, ते सांगतो. ट्रेनिंगमध्ये यायच्या आधी मी मिसळ मसाला विकायचो. नाशकात मिसळ मसाला विकणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, गल्लोगल्ली स्पर्धा. म्हणून मी प्रत्येक पाकिटासोबत लसणाच्या सुक्या चटणीची छोटी पुडी फुकट द्यायला लागलो. चटणी आईच्या हातची. काय चालली ती! दुकानदार फोन करून पुड्या जास्त पाठवा म्हणायचे. मी खूश. चार महिन्यांनी हिशेब बघितला तर मसाल्याची ऑर्डर आधीपेक्षा कमी. पंचवटीतल्या एका दुकानात उभा राहून बघितलं तेव्हा उलगडा झाला. एक काकू आल्या आणि म्हणाल्या, "ती लसणाची चटणी द्या, मागच्या वेळी होती ती." दुकानदाराने दुसऱ्याच कोणाची तरी चटणी पुढे केली. काकूंनी घेतली आणि गेल्या. मी तिथेच उभा होतो, हातात माझाच मसाला घेऊन.

माझ्या पुडीवर काहीच छापलेलं नव्हतं ना! फुकटच्या पुडीवर स्टिकरचा खर्च कशाला, असं मीच म्हणालो होतो. (पॅक केलेल्या खाण्याच्या वस्तूवर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआयचा नंबर लागतो, हेही तेव्हा मी हलक्यात घेतलं होतं. तुम्ही घेऊ नका.)

आता दुसरं प्रेमगीत घ्या. संगीतकार तेच, अजय-अतुल. सिनेमा नागराज मंजुळे यांचा 'सैराट', २९ एप्रिल २०१६. जोडी नवी कोरी, लोकांनी कधी न पाहिलेली. त्यांच्या प्रेमाचं द्वंद्वगीत गायलं स्वतः अजय गोगावले आणि चिन्मयी श्रीपाद यांनी, आणि सिनेमाच्या संगीतासाठी थेट लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजवून घेतला. खर्च कुठे केला बघा! पण मला त्याहून आवडते ती साधी गोष्ट. गाण्याचं नाव 'सैराट झालं जी'. गाणी सिनेमाच्या आधी बाजारात आली, आणि हे गाणं कोणी लावलं, कोणी गुणगुणलं, की तोंडातून सिनेमाचंच नाव बाहेर पडायचं. २०१८ मध्ये हिंदीत 'धडक' केला तेव्हाही शीर्षकगीत अजय आणि श्रेया यांचं द्वंद्वगीतच.

तुम्ही म्हणाल, सर, मग 'जोगवा' शब्द त्या प्रेमगीतात घालायला हवा होता का? अजिबात नाही. जोगवा म्हणजे देवीच्या नावाने मागितलेली भिक्षा. तो शब्द तिथे कोंबला असता तर गाण्याची वाट लागली असती. राजीव पाटलांनी गाणं कथेसाठी केलं, जाहिरातीसाठी नाही, आणि तेच बरोबर होतं. आईच्या चटणीची चवही मला बदलायची नव्हतीच. फक्त पुडीवर दोन बोटांचा स्टिकर लावायचा होता.

तेव्हा रविवारच्या बॅचला येताना तुमचा मुख्य माल आणा. आणि त्याच्यासोबत जे काही फुकट देता, चव बघायला देता, 'हे जरा खाऊन बघा' म्हणून हातावर ठेवता, तेही आणा. गिऱ्हाइकाला देता त्याच वेष्टनात. घरून निघताना नवीन स्टिकर चिकटवून आणू नका, मला लगेच कळतं.