प्रतिस्पर्ध्याच्या ग्राफिक्स कार्डासाठी थांबावे का?

संगणक जुळवायला निघालेल्या प्रत्येकाला एक सल्ला हमखास मिळतो : एनव्हिडियाचे कार्ड आत्ता घेऊ नका, चार-सहा महिन्यांत एएमडीचे नवे कार्ड येते आहे, मग किमती पडतील. एएमडीचे कार्ड घेणाऱ्याला हाच सल्ला उलट बाजूने मिळतो आणि २०२२मध्ये इंटेलची आर्क कार्डे बाजारात आल्यापासून वाट पाहायला तिसरे नावही मिळाले आहे. गेमिंगच्या संगणकात ग्राफिक्स कार्ड हाच बहुधा सर्वांत महाग भाग असतो, त्यामुळे सबुरीचा सल्ला शहाणपणाचा वाटतो. पण २००८पासूनचे ठळक प्रसंग ओळीने तपासले, तर थांबणाऱ्याला कधी घसघशीत फायदा झालेला दिसतो आणि कधी काहीच हाती लागलेले दिसत नाही. हा फरक नशिबाचा नाही. तो कशामुळे पडतो हे खरेदीच्या आधीच बऱ्यापैकी ओळखता येते.

गैरसमज १ : थांबले की किंमत उतरतेच.

वस्तुस्थिती : या समजुतीला आधार आहे, हे आधी मान्य करायला हवे. जून २००८मध्ये एनव्हिडियाने जीटीएक्स २८० हे कार्ड ६४९ डॉलरला आणि जीटीएक्स २६० हे ३९९ डॉलरला आणले. त्याच महिन्यात एएमडीचे रेडिऑन एचडी ४८७० अवघ्या २९९ डॉलरला आले आणि कामगिरीत २६०च्या तोडीचे निघाले. काही आठवड्यांतच एनव्हिडियाला २८०ची किंमत ४९९वर आणि २६०ची २९९वर आणावी लागली. २०१३मध्येही तेच घडले. मे महिन्यात ६४९ डॉलरला आलेले जीटीएक्स ७८०, एएमडीचे आर९ २९०एक्स ऑक्टोबरात ५४९ डॉलरला येताच, ४९९वर उतरले. मात्र या दोन वर्षांची आठवण काढताना मधला २००९-१०चा प्रसंग विसरला जातो. एएमडीचे एचडी ५८७० सप्टेंबर २००९मध्ये ३७९ डॉलरला आले, तेव्हा एनव्हिडियाच्या ‘फर्मी’ पिढीसाठी थांबा असे सांगितले जात होते. त्या पिढीचे जीटीएक्स ४८० दुकानात यायला एप्रिल २०१० उजाडला. ते वेगवान होते, पण किंमत ४९९ डॉलर होती आणि ते वीज खाणारे, तापणारे व आवाज करणारे होते. दरम्यान ४० नॅनोमीटर चिपांच्या तुटवड्यामुळे ५८७०ही स्वस्त झाले नाही. तिन्ही प्रसंग शेजारी ठेवले की कारण दिसते. प्रतिस्पर्धी येणार या नुसत्या बातमीने किंमत हलत नाही. तो कमी किमतीचे, तोडीस तोड कार्ड पुरेशा साठ्यासह दुकानात आणतो, तेव्हा ती हलते.

गैरसमज २ : उशिरा येणारे कार्ड अधिक सरस असणारच.

वस्तुस्थिती : चिपचा आराखडा बाजारात येण्याच्या काही वर्षे आधीच पक्का होऊ लागतो. प्रतिस्पर्ध्याचे कार्ड पाहून शेवटच्या महिन्यांत त्यात मोठी सुधारणा करता येत नाही. त्यामुळे उशीर हा सहसा अधिक घोटून केलेल्या कामाचा पुरावा नसतो, बऱ्याचदा तो अडचणीचा असतो. एएमडीच्या ‘वेगा’ या कार्डाचे उदाहरण बोलके आहे. जीटीएक्स १०८० मे २०१६मध्ये आले. वेगा ६४ आले ऑगस्ट २०१७मध्ये, म्हणजे सुमारे सव्वा वर्षाने. कामगिरी साधारण १०८०इतकीच आणि किंमत ४९९ डॉलर. विजेची ठरीव मर्यादा मात्र १८० वॅटच्या समोर २९५ वॅट. महत्त्वाची गोष्ट अशी की एनव्हिडियाने मार्च २०१७मध्ये १०८० टीआय आणताना साध्या १०८०ची किंमत ५९९वरून ४९९वर आणलेलीच होती. ज्याचे लक्ष किमतीवर होते त्याला त्या किमतीतले कार्ड पाच महिने आधी मिळाले. ज्याचे लक्ष ‘वेगा’ या नावावर होते त्याच्या पदरी नंतर क्रिप्टो मायनिंगने चढलेला बाजारभाव आला.

गैरसमज ३ : जाहीर झालेली किंमत म्हणजे दुकानातली किंमत.

वस्तुस्थिती : सप्टेंबर २०२०मध्ये आरटीएक्स ३०८० ची किंमत ६९९ डॉलर जाहीर झाली आणि नोव्हेंबरात एएमडीचे आरएक्स ६८०० एक्सटी ६४९ला आले. कागदावर ही चुरस २००८सारखीच होती. प्रत्यक्षात महामारीतली मागणी, चिपांचा तुटवडा आणि इथेरियमचे मायनिंग यांमुळे दोन्ही कार्डे जाहीर किमतीला मिळणे दुरापास्त झाले. बाजार खऱ्या अर्थाने सैलावला तो २०२२मध्ये. स्पर्धा असूनही साठाच नसेल तर किमतीची लढाई होत नाही. भारतातल्या ग्राहकासाठी यात आणखी दोन गोष्टींची भर पडते. अमेरिकेतली जाहीर किंमत कराविना असते, इथे १८ टक्के जीएसटी धरावा लागतो. शिवाय रुपया स्थिर नसतो. जीटीएक्स ७८०चेच पाहा. मे २०१३मध्ये डॉलर ५५-५६ रुपयांना होता, ऑक्टोबरअखेर ६१-६२ला. नुसत्या विनिमय दराने हिशोब केला तर ६४९ डॉलर म्हणजे सुमारे ३६ हजार आणि ४९९ म्हणजे सुमारे ३१ हजार रुपये. डॉलरमधली २३ टक्क्यांची घट रुपयात १५ टक्क्यांच्या जवळपास उरली. म्हणून परदेशी समीक्षकांचा ‘थांबा’ हा सल्ला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या भावाशी ताडून पाहिल्याशिवाय मानू नये.

गैरसमज ४ : थांबण्यात काही जात नाही.

वस्तुस्थिती : चाळीस हजारांचे कार्ड चार वर्षे वापरायचे ठरवले, तर महिन्याला सुमारे ८३० रुपयांचा वापर होतो. सहा महिने थांबून पाच हजार वाचले, तर तेवढ्याच मोलाचा वापर हातचा गेला. जुने कार्ड काम भागवत असेल तर हे नुकसान कमी भरते, हा आक्षेप बरोबर आहे, आणि अशा माणसाने खुशाल थांबावे. पण ज्याच्याकडे चालणारे कार्डच नाही, किंवा ज्याचे व्हिडिओ संकलन, ब्लेंडर वा एआयचे काम त्यावर अडले आहे, त्याला थांबणे महाग पडते. त्यातही काम एनव्हिडियाच्या ‘कुडा’ (CUDA) या प्रणालीवर अवलंबून असलेल्या सॉफ्टवेअरचे असेल, तर ते केवळ एनव्हिडियाच्या कार्डावर नीट चालते. तिथे प्रतिस्पर्ध्याचे कार्ड पर्याय ठरत नाही.

यावर एक तात्त्विक आक्षेप घेतला जातो : कोणी थांबलेच नाही तर स्पर्धा टिकेल कशी? स्पर्धा टिकावी ही इच्छा रास्त आहे. पण थांबणाऱ्यांच्या संख्येने कोणत्याही कंपनीच्या खात्यात पैसे जमा होत नाहीत. प्रतिस्पर्ध्याचे चांगले कार्ड योग्य भावात दुकानात आले की ते विकत घेणे, हाच त्याला खरा आधार. प्रतिस्पर्ध्याची वाट पाहायची, त्याच्यामुळे भाव उतरला की नेहमीच्याच कंपनीचे कार्ड घ्यायचे, यात ग्राहकाचा फायदा आहे, पण त्याला स्पर्धेची सेवा म्हणता येणार नाही.

मग थांबावे कधी? किमती अखेरच्या दिवसांत ठरतात, तेवढ्यापुरते. जुलै २०१९मध्ये एनव्हिडियाने ‘सुपर’ नावाची कार्डे जाहीर करताच एएमडीने आरएक्स ५७०० एक्सटीची किंमत विक्री सुरू होण्याआधीच ४४९वरून ३९९ डॉलरवर आणली. फेब्रुवारी २०२५मध्ये आरटीएक्स ५०७० टीआय ७४९ डॉलरला विक्रीस आले आणि आठवडाभराने एएमडीने आरएक्स ९०७० एक्सटीची किंमत ५९९ जाहीर केली. तेवढे थांबणे रास्तच होते. तेव्हा प्रतिस्पर्ध्याच्या कार्डाची तारीख आणि किंमत अधिकृतपणे जाहीर झाली असेल, ते तुमच्याच खर्चाच्या मर्यादेत बसत असेल आणि विक्री महिन्याभरात सुरू होणार असेल, तर स्वतंत्र चाचण्या येईपर्यंत थांबा. यातले एकही नसेल आणि कार्डाची गरज आज असेल, तर आज रुपयात मिळणाऱ्या कार्डांपैकी कामाला योग्य ते निवडा, पक्के बिल आणि वॉरंटी घ्या आणि कामाला लागा.